राजाच्या खुराड्यातली पगडी

तळखेडच्या राजेसाहेबांच्या कोंबड्या अंडी घालेनात!

घालणार कशा? राजे गजसिंगरावांनी त्यांना खुराडं बांधून दिलं होतं ते काळ्या दगडाचं. वर लखलखीत तांब्याचं छप्पर, आणि चोर शिरू नये म्हणून झरोका एकही नाही. उन्हाळ्यात तळखेडात दुपारी कावळासुद्धा उडायला कंटाळतो. त्यात हे तांबं! आत कोंबड्या चोची वासून, पंख पसरून धापा टाकत पडलेल्या. पण राजेसाहेबांना सांगणार कोण? खुराड्याचा नकाशा त्यांनी स्वतःच्या हातानं काढला होता.

कोंबड्या मुळात हौसाच्या. हौसा म्हणजे गावकुसाजवळच्या मारुती माळ्याची लेक. कडुनिंबाखालच्या कुडाच्या खुराड्यात तिच्या कोंबड्या भर वैशाखातही अंडी देत. ही कीर्ती राजवाड्यात पोचली आणि शिपाई येऊन सगळ्या कोंबड्या उचलून घेऊन गेले. त्यांतल्या पिंगळी कोंबडीला तर हौसानं पिल्लू असल्यापासून ओंजळीत कण्या चारून वाढवलं होतं. आधी हौसाला रडू फुटलं, आणि रडून झाल्यावर राग आला.

अंडी पडेनात म्हटल्यावर राजेसाहेबांनी हौसालाच दरबारात बोलावलं.

"पोरी, तुझ्या कोंबड्या राजद्रोही आहेत!"

"कोंबड्या गुनी हायती, महाराज. खुराडं तापलंय."

दिवाणजींनी डोळेच मिटून घेतले.

"माझं खुराडं?" राजेसाहेब गरजले. "ऐक! वैशाखी पौर्णिमेपर्यंत त्याच खुराड्यात अंडी पडली पाहिजेत. तू त्याचा एक दगड हलवायचा नाही, छपरावर काडी टाकायची नाही, माझ्या एकाही नोकराला काम सांगायचं नाही. अंडी पडली तर कोंबड्या तुझ्या. नाही पडली, तर पौर्णिमेला रस्सा!"

दरबारातल्या दोघा-चौघांच्या तोंडाला पाणी सुटलं.

हौसानं मान वर केली, तर समोर राजेसाहेबांची पगडी. आता या पगडीची गोष्ट अशी, की राजाला कुठे जाणं झालं नाही की तळखेडात त्याची पगडी पाठवत. लग्नाला पगडी, तंट्याला पगडी. राजेसाहेबांचं पोट बिघडलं की दरबारातही पगडीच बसे, आणि त्या दिवशी न्याय जरा बरा होतो असं लोक हळूच म्हणत. जिथे पगडी तिथे राजा, हा राजेसाहेबांच्या आजोबांनी घालून दिलेला नेम! पगडीला मुजरा, पगडीला सावली, पगडीला वारा. यात कसूर झाली तर दिवाणाची दिवाणगिरी गेली म्हणून समजा.

"कबूल, महाराज!" हौसा म्हणाली. "पन एक मागनं हाय. खुराडं कुनाचं, ते कोंबड्यांस्नी ठावंच न्हाई. तुमची पगडी आत ठिवा. मालक समोर दिसला की कशा कामाला लागत्याती बघा!"

राजेसाहेब खूश झाले. "पाहिलंत दिवाणजी? पोरीला अक्कल आहे!" त्यांनी तिथल्या तिथे पगडी काढून दिली.

पगडी खुराड्यात चौरंगावर उताणी बसली. हौसानं कण्या टाकल्या, मातीच्या परळात पाणी ठेवलं आणि बाहेर येऊन गप्प बसून राहिली.

दुपार झाली. राजेसाहेब वाड्यात घोरत होते. इकडे दिवाणजी तळमळत खुराड्यापाशी आले, आत डोकावले आणि किंचाळले, "अरे, पगडीला उकडतंय! धावा!"

राजा बोले, दल हाले. इथे तर राजा न बोलताच दल धावलं. छपरावर मांडव पडला, मांडवावर उसाच्या पाचटाचा जाड थर. दारात वाळ्याचे पडदे लागले, त्यांवर सारखं पाणी शिंपडणं सुरू. पगडीला कोंदट चालेना, म्हणून दिवाणजींनी समोरासमोरच्या भिंतींत झरोके पाडून घेतले. झरोक्यांतून मुंगूस शिरून पगडी कुरतडेल, म्हणून त्यांना जाळीही बसवली. हौसा आपली नखं कुरतडत सगळं बघत होती. पौर्णिमा जवळ येत होती आणि राजवाड्यात मसाला कुटायलाही सुरुवात झाली होती.

पौर्णिमेला राजेसाहेब दुसरी पगडी घालून आले ते घामानं निथळत. वाकून आत शिरले आणि थबकले. "अहाहा! काय गारवा!" मग त्यांची नजर चौरंगावर गेली. त्यांच्या पगडीत पिंगळी ऐसपैस बसली होती, आणि तिच्या पंखांखालून अंडी डोकावत होती!

"दगा!" राजेसाहेब ओरडले. "हा मांडव कुणी सांगितला?"

"म्या एका शब्दानं कुनाला काय बोलली न्हाई. इचारा दिवानजींस्नी."

"मी घातला, महाराज," दिवाणजी हात जोडून म्हणाले.

"कुणाच्या हुकमानं?"

"आपल्या... आजोबांच्या!"

राजेसाहेबांनी चौरंगाकडे बोट दाखवलं. "ते असू दे! पण अंडी माझ्या पगडीत?"

"महाराज, कोंबडी लई चोखंदळ. सावली, वारा, गारवा बघूनच जागा धरती. आख्ख्या तळखेडात तशी जागा एकच हाय, तुमच्या पगडीजवळ. आमाला बी तीच धरायची हुती, पन आमी पडलो मानसं!"

राजेसाहेबांचं पोट हललं, मिशा हलल्या आणि ते असे खदाखदा हसले की डोक्यावरची दुसरी पगडीही खाली पडली. "कोंबड्या तुझ्या! आणखी काय हवं, माग!"

"त्ये तांब्याचं छप्पर द्या, महाराज. कुरडया वाळवायला त्याच्यासारखं दुसरं काय न्हाई!"

"दिलं! आता माझी पगडी तेवढी दे."

"ती कशी देऊ?" हौसा पिंगळीसमोर आडवी उभी राहिली. "पिंगळी खुडूक बसलीया. पिल्लं निघंपातुर तिला उठवायचं नसतंय. आन जिथं पगडी तिथं राजा! तवा महाराज, तवर दरबार हितंच भरवा!"

राजेसाहेब हसता हसता चौरंगाशेजारी मांडी घालून बसले आणि म्हणाले, "दिवाणजी, हळू बोला. पहिला तंटा आत पाठवा!"