आण्णांचं बेणं

एका गावात एक शिकलेली आई राहत होती. कुंदा तिचं नाव. एकच काळजी तिला झोपू देत नव्हती: परसातल्या नऊ ओळी बटाट्यांना थंडी बाधली तर?

बटाटे साधेसुधे नव्हते. तिचे वडील, आण्णा, पठारावर जन्मभर बटाटा लावत आले. दर वर्षी निवडक बटाटे बेण्यासाठी, म्हणजे पुढच्या लागवडीसाठी, मागे ठेवायचे. आण्णा गेले, भावाने शेत विकलं, आणि त्या बेण्याची शेवटची पाटी कुंदाच्या सासरी आली. हे पीक फसलं, की आण्णांचं बेणं संपलं.

सासरचं गाव ज्वारीचं. बटाट्यातलं कळणारं तिथे कोणी नव्हतं. कुंदाने पुस्तक आणून वाचलं. 'थंड हवामान मानवते', असं त्यात छापलं होतं. लिहिणाऱ्याला लेकरूबाळ नसावं, असं तिला वाटलं. कारण तिला लहानपणचं स्पष्ट आठवत होतं: माघातली सकाळ, ओल्या मातीचा वास, आणि आण्णा अंगावरची घोंगडी काढून बटाट्यांवर पसरताहेत. स्वतः कुडकुडत उभे. तशी माया तिने पुन्हा कुठे पाहिली नव्हती.

मग तीही रोज दिवेलागणीला काठ्या रोवून रोपांवर पोती पांघरवू लागली. आठ ओळींना पोती पुरली. नवव्या ओळीसाठी गावभर मागून पाहिली, मिळाली नाहीत. त्या ओळीपाशी उभी राहून ती पुटपुटायची, "माफ करा हं, बाळांनो."

शेजारच्या हौसाआत्या कुंपणावरून म्हणायच्या, "दुपटी झाली, आता अंगाईपण म्हण की गं!"

आठ ओळींचा पाला असा माजला, की बघत राहावं. नववी ओळ मात्र बुटकीच राहिली. तिच्याकडे पाहून कुंदाचं काळीज तुटायचं.

काढणीला पठारावरून तिची आई आली. कुंदाची पाच वर्षांची गौतमी रिकामी पाटी घेऊन आजीच्या मागे. पहिली ओळ खणली. मुळ्याच मुळ्या, आणि गोट्यांएवढे चार बटाटे. दुसरी तशीच. आठवीपर्यंत तेच. कुंदा मातीतच बसली.

"पाणी कमी पडलं का गं, आई?"

"पाण्याचं राहू दे. ही पोती कशाला?"

"आण्णा नाही का घोंगडी घालायचे!"

आई हसली, मग तिने डोळ्यांना पदर लावला. "अगं वेडे, ती काढलेल्या बटाट्यांच्या ढिगावर. ऊन लागलं की बटाटा हिरवा पडतो, कडू होतो. उभ्या पिकाला गारठाच हवा. रात्र गार असली की झाड खाली बटाटा धरतं. उबेत नुसता पाला वाढवतं. कडाका पडला, की तुझे आण्णा कुडकुडत हसायचे. म्हणायचे, 'आता भरेल!'"

आणि तिने नववी ओळ उकरली. मुठीएवढे, गच्च बटाटे. गौतमीची पाटी भरली. पुढच्या वर्षीचं बेणं हाती आलं.

कुंदाने डोळे पुसले, आणि आईपणाला जागून लेकीला विचारलं, "बघ हं गौतमी, यातून आपण काय शिकलो?"

गौतमीने थोडा विचार केला. "आपल्याकडे पोती कमी होती, ते बरं झालं."

तात्पर्य: ज्याला जपायचं, त्याला कोणती हवा मानवते ते आधी जाणून घ्यावं; अर्धवट आठवणीतून केलेली माया पाला वाढवते, बटाटा धरू देत नाही.