नदीचं सारवण

नदी समुद्राला मिळते तिथल्या एका गावात हिरोजी नावाचा एक तांडेल राहत होता. तांडेल म्हणजे गलबत हाकणारा. माणूस मोठा धाडसी, हाताचाही मोकळा. पण वाट बघणं काही त्याला जमायचं नाही. चुलीवर भात शिजत असला तरी हा पुनःपुन्हा झाकण काढून बघायचा, आणि मग भात कच्चा राहिला म्हणून कुरकुरायचा.

त्या गावाची एक रीत होती. नवी सून घरात आली की जमीन जिथं संपते तिथं, अगदी समुद्राच्या काठाशी, ती उंडीचं एक रोप लावी. आता गंमत बघा. हिरोजीच्या आजीनं काठावर लावलेलं झाड आज गावाच्या मधोमध उभं होतं. त्याच्या सावलीत गुरं रवंथ करत बसत. त्याच्या आईचं झाड आजीच्या झाडापुढं आणि बायकोचं आणखी पुढं. झाडं काही चालत नव्हती, जमीनच समुद्रात पुढं सरकत होती. पण इतकी सावकाश, की कुणाला त्याचं नवल वाटत नसे.

हिरोजीनं नवं मोठं गलबत बांधलं. गलबत देखणं झालं, पण नदीच्या तोंडाशी गाळ फार. ओहोटीच्या वेळी ते चिखलात टेकायचं, आणि भरती येईपर्यंत हिरोजी त्यात हात चोळत बसायचा.

"ही नदी डोंगराचा सगळा केर आणून माझ्याच दारात ओतते!" तो चिडून म्हणे.

शेवटी त्यानं गाव गोळा केलं. म्हणाला, "नदीच्या तोंडाशी दोन्ही अंगांना धोंड्यांचे बांध घालू. वाट अरुंद झाली की नदी जोरानं धावेल. सगळा केर थेट खोल समुद्रात नेऊन टाकेल."

गावाला पटलं. बांध झाले. पावसाळ्यात नदी अशी धावली, की तोंडाशी गाळ नावाला उरला नाही. हिरोजीचं गलबत भर ओहोटीला डौलात आत आलं. लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन गावभर मिरवलं.

पुढच्या पावसाळ्यात मात्र समुद्र काठ खाऊ लागला. हिरोजीची सून पारू नुकतीच घरात आली होती. तिचं कोवळं रोप आधी गेलं. त्याच्या पुढच्या साली हिरोजीच्या बायकोचं, येसूचं झाड मुळं उघडी पडून कलंडलं. आणि त्या झाडामागं लगेच घरं सुरू होत होती.

"लाटा माजल्यात हल्ली," लोक म्हणाले.

"माजल्यात खऱ्या," हिरोजीही म्हणाला.

एकदा पाऊस ओसरत असताना तो गलबत घेऊन बाहेर पडला. मागं वळून बघतो तर बांधांमधून नदीचं तांबडं पाणी बाणासारखं सरळ खोल समुद्राकडं चाललेलं. पूर्वी हेच पाणी तोंडातून बाहेर पडलं की मुरडायचं, काठाकाठानं रेंगाळायचं. त्यानं बादलीभर पाणी वर ओढलं आणि ठेवून दिलं. थोड्या वेळानं वरचं पाणी निवळलं, तळाशी मऊ गाळाचा पापुद्रा बसला.

हिरोजी त्या पापुद्र्याकडं बघत राहिला. दोरीला शिसं बांधून समुद्राची खोली तो जन्मभर मोजत आला होता. काठापासून कितीही दूर गेलं तरी शिशाला असाच गाळ लागायचा, तळ हळूहळू उतरत जायचा. पार लांब गेल्यावर मग एकाएकी तळच हाती लागत नसे. म्हणजे नदीनं पाण्याखालीसुद्धा केवढी ओसरी घातली होती! गावाची जमीन म्हणजे त्याच ओसरीचा पाण्यावर आलेला कोपरा. आणि तो कोपरा आपण उपाशी ठेवला.

हे अजून दुसऱ्या कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. तो गप्प बसला असता तर गावानं लाटांनाच शिव्या दिल्या असत्या. गलबतही डौलात येत-जात राहिलं असतं.

घरी येऊन तो पानावर बसला, पण घास उचलेना.

"अहो, काटा अडकला का घशात?" येसूनं विचारलं.

"काटा नाही गं, धोंडा अडकलाय," हिरोजी म्हणाला आणि हात धुऊन उठला.

त्यानं तडक गाव गोळा केलं आणि सगळं सांगून टाकलं. त्याचा शेजारी भागोजी मोठा तिखट जिभेचा. तो म्हणाला, "तांडेल, तुम्हीच म्हणाला होता ना, हा नदीचा केर आहे?"

"चुकलो बाबा. केर नव्हता तो. नदी आपलं अंगण सारवत होती. दरसाल एक हात फिरवायची. मीच तिचा हात धरला."

"आणि बांध काढले तर तुमच्या गलबताचं काय?"

"टेकेल चिखलात. घरं वाहून जाण्यापेक्षा ते बरं."

एवढं बोलून हिरोजी पाण्यात उतरला आणि पहिला धोंडा त्यानं स्वतः उपसला. मग काय, भागोजी उतरला, पारू उतरली, अख्खं गाव उतरलं. बांध घालायला जेवढा वेळ लागला होता, त्याच्या निम्म्यात ते निघाले!

पावसाळा आला. तांबडं पाणी पुन्हा मुरडून काठाशी रेंगाळू लागलं. गेलेली जमीन काही लगेच परत आली नाही, पण समुद्राचं खाणं थांबलं. घरं वाचली.

हिरोजीचं गलबत मात्र ओहोटीत अडकलं आणि एका कुशीवर कललं. हा आपला वरती बसून निवांत भाकरी खात होता. भागोजी काठावरून ओरडला, "काय तांडेल, जमिनीवर गलबत हाकताय वाटतं?"

"अरे, अजून जमीन कुठं झालीय? तुझ्या नातसुना रोपं लावतील तोवर होईल," हिरोजी म्हणाला. "वर ये, भाकरी खा. भरतीला अवकाश आहे."

भागोजी हसत हसत चिखल तुडवत वर चढला.

तात्पर्य: पायाखालची जमीन फार सावकाश तयार होते. आपल्या घाईपायी तिचं काम अडवू नये. आणि अडवलंच, तर चूक कळताच आपल्याच हातानं वाट मोकळी करून द्यावी.