दिसू नये असा रंग

“...आणि लिपस्टिक लावशील ना गं?”

अन्वितानं फोनवर हे विचारलं तो मंगळवार होता. नळाला पाणी आलेलं होतं, गॅसवर दूध होतं आणि हेमलताबाई सबनीस जेवणाच्या टेबलाशी प्रयोगवह्या तपासत बसल्या होत्या. मुलीनं बातमी एका दमात सांगून टाकली होती. लग्न ठरलं. वीस मे. पुण्यात.

“आणि कन्यादान तू करायचंस आई. एकटीनं. काका-काकू नकोत मला पाटावर.”

हेमलताबाईंनी समोरची वही मिटली.

नवरा गेलेल्या बाईनं लग्नात मागच्या खुर्चीवर बसायचं आणि दीर-जावेनं पाटावर बसायचं, हे सबनीसांच्या घरात कुणी लिहून ठेवलं नव्हतं. लिहायची गरजच पडली नव्हती. अरविंद जाऊन तीन वर्षं झाली होती. श्रीधरभाऊजींनी सोवळं नेसायची मनातल्या मनात तयारीही केली असेल.

“आई, ऐकतेस ना? बाबांच्या वर्षश्राद्धाचे फोटो काढून बघ. आजारी दिसतेस तू. निदान लिपस्टिक तरी...”

“लावीन,” हेमलताबाई म्हणाल्या.

दोन्हींतल्या सोप्या गोष्टीला त्यांनी हो म्हटलं होतं. तोवर दूध उतू गेलं होतं.

सोपी गोष्ट त्यांना तीन आठवडे पुरली.

हेमलताबाई कुडाळच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत. लाल रंगाची तरंगलांबी त्यांना झोपेतून उठवून विचारली तरी सांगता आली असती. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जो रंग शोभला, तो घरी येईपर्यंत जांभळा व्हायचा. दुसरा आणला, तो ओठांवर असा बसला की जणू त्या माती खाऊन आल्या आहेत. तिसरा, चौथा... सात झाल्या. पार्लरमधल्या मुलीनं तर ओठांभोवती अशी महिरप काढून दिली की त्या पदरानं तोंड झाकून रिक्षात बसल्या.

शेवटी लायब्ररीतल्या सावंतबाई म्हणाल्या, “जिवबा केरकरांकडे जाऊन या.”

“ते दशावतारातले? पुरुष आहेत ते!”

“गॅदरिंगला तारामती होऊन आले होते तेव्हा तुम्हीच मला विचारलंत, ही बाई कोण म्हणून.”

ते खरं होतं.

रविवारी सकाळी हेमलताबाईंनी खाडीकाठच्या वाडीत स्कूटर नेली. जिवबा केरकर घरापुढच्या खळ्यात मांडी ठोकून कोकमाचे रातांबे फोडत बसले होते. पंचाहत्तरी उलटलेली, अंगात गंजीफ्रॉक, बोटं मनगटापर्यंत लालभडक. चाळीस वर्षं राण्या आणि पतिव्रता केलेला माणूस हाच, हे सांगूनही खरं वाटलं नसतं.

“मला कुठला रंग चांगला दिसेल, तेवढं फक्त सांगा,” हेमलताबाई टेकल्या टेकल्या म्हणाल्या. “मी जास्त वेळ घेणार नाही.”

“सोंग कुठलं?”

“सोंग नाही हो. मुलीचं लग्न आहे.”

“मग आहेच की सोंग.” जिवबांनी रातांबा फोडून बिया एका टोपात टाकल्या. “आमचा मालक नाटक उभं राहायच्या आधी सांगतो, जिवबा, आज तू तारामती. मग मी ओठ काढतो. तारामतीचे वेगळे, कैकेयीचे वेगळे. सोंग कळल्याशिवाय ओठ काढायचे कसे?”

“मी वधूची आई आहे.”

“ते नातं झालं. करणार काय तुम्ही तिथे?”

हेमलताबाईंच्या कपाळाची शीर उडू लागली. वर्गात असा आडवा विद्यार्थी असता तर त्यांनी त्याला बाहेर काढला असता. इथे त्याच बाहेर बसल्या होत्या, तेही लाकडी पाटावर.

“बसणार आहे,” त्या म्हणाल्या. “मागे.”

“हं... आणि रंग कसा पाहिजे?”

याचं उत्तर त्यांनी तीन आठवडे घासूनपुसून तयार ठेवलं होतं. “लावलेली आहे हे मुलीला कळावं. पण लोकांना दिसू नये.”

जिवबांनी हातातला रातांबा खाली ठेवला. त्यांच्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं.

“मग झालं की मास्तरीणबाई. तशीच लावून आला आहात तुम्ही.”

हेमलताबाई उठल्या. स्कूटरपर्यंत गेल्या. किल्ली लावली, काढली, परत आल्या आणि पर्स उघडून अख्खी पाटावर उलटी केली.

“या सात आहेत. एक सांगा, मी जाते.”

पाटावर सात नळ्या घरंगळल्या. त्यांच्यामागून आठवी पडली. सोनेरी मुलामा उडालेली, रबर गुंडाळलेली. हेमलताबाईंनी ती चटकन उचलून पर्सच्या आतल्या कप्प्यात घातली.

जिवबांनी बघितलं. काही विचारलं नाही.

“या घेतल्यात कशा?”

“मनगटावर ओढून बघून. सगळे तसंच बघतात.”

“तुमचा ओठ मनगटावर आहे?”

हेमलताबाईंनी मनगट पदराखाली घेतलं.

“तोंड धुवा. साबण नको. शेवंते, खोबरेल आण गो!”

सून तेलाची वाटी आणि जिवबांचा चहा ठेवून गेली. जिवबांनी खूण केली, ओठांना लावा. हेमलताबाईंनी लावलं. ओठांच्या भेगांत तेल झोंबलं.

“आता?”

“आता बसा.”

“किती वेळ?”

“ओठ ओठांसारखे होईपर्यंत.”

“म्हणजे किती मिनिटं?”

जिवबांनी टोपलीकडे हनुवटी दाखवली. निम्मी टोपली रातांबे शिल्लक होते.

हेमलताबाईंनी घड्याळ बघितलं. फोन बघितला. कावळा बघितला. अखेर संतापानं एक सुरी ओढून घेतली आणि त्याही रातांबे फोडायला लागल्या. पहिल्याच फोडीचा रस साडीवर उडाला.

“बाबानू, च्या निवली!” आतून सून ओरडली.

“निवांदे,” म्हणत जिवबांनी चहाचा कप आणखी लांब सारला.

टोपली संपली तेव्हा ऊन खळ्यात पुरतं उतरलं होतं. जिवबांनी हात धुतले, आतून पत्र्याची पेटी आणली आणि तिच्यातून तळहाताएवढा आरसा काढला. एक कोपरा उडालेला. तो त्यांनी हेमलताबाईंच्या हातात दिला आणि त्यांना उन्हाकडे तोंड करून बसवलं.

“खालचा ओठ उलटा करा.”

“काय करू?”

“तोंड आलं की आत बघतात ना, तसा.”

केवढी ही विटंबना, असं मनात म्हणत बावन्न वर्षांच्या प्राध्यापिकेनं भर खळ्यात खालचा ओठ चिमटीत धरून उलटा केला. कुंपणापलीकडून जाणारी म्हातारी थबकून बघत राहिली.

“आतला दिसतो तो तुमचा रंग,” जिवबा म्हणाले. “बाहेरचा उन्हानं गेलेला. वयानं गेलेला. गप्प बसूनसुद्धा जातो.”

त्यांनी सातही नळ्या एकेक उघडून त्या ओठाशेजारी धरल्या आणि एकेक पाटावर परत ठेवल्या.

“यातली एकही नाही?” हेमलताबाईंना ओठ सोडवत बोलावं लागलं.

“बघा ना आरशात. मातकट, मातकट, फिका, मातकट... सगळ्या लपायच्याच घेतल्यात.”

“मग आता मी काय करायचं? आठवी विकत आणू?”

“आठवी आहे. ती काढा.”

“ती जुनी आहे.”

“काढा.”

“त्या रंगाचा इथे काही संबंध नाही. नुसती पर्समध्ये असते ती.”

जिवबा वाट बघत बसले. त्यांना वाट बघता येते, हे टोपलीभर कळलं होतं.

हेमलताबाईंनी आतला कप्पा उघडला.

रबर इतकं जुनं होतं की सोडवताना तुटलं. जिवबांनी टोपण काढलं आणि नळी फिरवली. लाल कांडी वर आली. टोकाचा तिरपा उतार कारखान्यातून निघाला तसाच होता, धारदार.

“कधीच लावली नाही.”

“अन्विता दोन वर्षांची होती तेव्हाची आहे. हे कलकत्त्याला कामाला गेले होते, तिथून आणली.” हेमलताबाई आरशात बघत बोलत होत्या, पण मांडीवर उताण्या पडलेल्या आरशात नुसतं आभाळ होतं. “मी म्हटलं, मी प्राध्यापक आहे, नाटकातली बाई नाही.”

“बरोबर,” जिवबा गंभीरपणे म्हणाले. “नाटकातली बाई मी.”

हेमलताबाईंना हसू आलं आणि ते आलं याचाच राग आला.

“ओठ उलटा करा परत.”

त्यांनी केला. जिवबांनी ती कांडी ओठाजवळ धरली आणि आरसा त्यांच्यासमोर उचलला.

आतला ओठ आणि कांडी. कुठलं कुठे संपतं ते उन्हातसुद्धा कळत नव्हतं.

जिवबांनी आरसा खाली घेतला.

“यजमानांनी तुम्हाला असा ओठ उलटा करायला लावला होता?”

“काहीतरीच काय!”

“मग नुसतं बघूनच आणली.”

हेमलताबाईंनी कांडीकडे हात नेला. जिवबांनी ती बाजूला घेतली. नाकाशी नेली आणि मान हलवली.

“खवट झाली. ओठ सुजतील.”

“थोडीशीच...”

“नाही.”

त्यांनी पेटीतून स्वतःचा लाल रंग काढला. करवंटीत नखभर घेतला, त्यात सातांतल्या एका मातकट नळीचा तुकडा मोडून घातला, खोबरेलाचा थेंब टाकला आणि बोटानं घोटत राहिले. मधूनमधून कांडीशी ताडून बघत होते. मग करवंटी पुढे सरकवली.

“लावून द्या ना,” हेमलताबाई म्हणाल्या.

“आमच्याकडे रंगवणारा वेगळा नसतो. ज्याचं तोंड त्यानं रंगवायचं.”

पहिल्या खेपेला रंग नाकाखालपर्यंत गेला. पुसला. दुसऱ्या खेपेला दातांना लागला.

“मला हे जमणार नाही.”

“कडेपासून कशाला सुरू करता? मधे लावा. बोटानं. थोडाच. तो जाईल कडेपर्यंत.”

“आणि नाही गेला तर?”

“तुम्ही मुलांना पण असंच विचारू देता काय वर्गात?”

तिसऱ्या खेपेला हेमलताबाईंनी मधे लावला. वरचा ओठ खालच्यावर टेकवला, सोडला. जिवबांनी गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचं पान फाडून दिलं. त्यांनी ते ओठांत धरून दाबलं. पानावर, एकादशी आणि प्रदोष यांच्या मधोमध, एक पुरं तोंड उमटलं.

“परत एक हात. पातळ.”

त्यांनी दिला. मग आरसा उचलला.

आजारी बाई त्यात नव्हती. सजलेलीही नव्हती. बरीच वर्षं न भेटलेलं कुणी दारात उभं असावं, तसं त्यांना झालं.

“हे दिसतंय,” त्या हळूच म्हणाल्या. “सगळ्यांना दिसेल.”

“आता बोला.”

“काय बोलू?”

“ओठ काढले की आम्ही पहिलं वाक्य आरशात म्हणून बघतो. रंग कुठे फाटतो ते तिथेच कळतं.”

“कुणाशी बोलू?”

“ज्याच्यापासून लपवायचा होता त्याच्याशी.”

खळ्यात कोकमाचा आंबट वास भरून राहिला होता. आत सून भांडी घासत होती. हेमलताबाईंनी आरसा तोंडासमोर धरला.

“भाऊजी... म्हणजे, तुम्हाला वाईट वाटणार नसेल तर...”

“फाटला,” जिवबा म्हणाले.

हेमलताबाईंनी आरशात बघितलं. खरोखरच, आवळलेल्या ओठांच्या डाव्या कोपऱ्यात रेघ पडली होती. त्यांनी बोटानं ती मिटवली आणि श्वास घेतला.

“श्रीधरभाऊजी, अन्विताच्या लग्नात पाटावर मी बसणार आहे. तुम्ही आणि वहिनी पहिल्या रांगेत बसा.”

आतला भांड्यांचा आवाज थांबला होता.

जिवबा वाकून जवळ आले. डोळे बारीक करून दोन्ही कोपरे तपासले.

“राहिला,” ते म्हणाले आणि गार चहा एका घोटात पिऊन टाकला.

हेमलताबाईंनी सात नळ्या पर्समध्ये भरल्या. करवंटीतला रंग जिवबांनी एका रिकाम्या डबीत काढून दिला. एवढा लग्नाला पुरेल, म्हणाले, एका दिवसाला किती लागतो. मग आठवी नळी टोपण लावून त्यांच्या तळहातावर ठेवली.

त्या ती धरून उभ्या राहिल्या. स्कूटरकडे वळल्या आणि परत फिरल्या.

“रंग तर तोच जमला ना? अगदी तोच?”

“तोच.”

“मग ही लावल्यासारखीच झाली.”

जिवबांनी रिकामी टोपली उलटी करून झटकली. खळ्यातला केर पायानं एका बाजूला सारला.

“नाही,” ते म्हणाले. “ही लावायची राहिली.”