वाचून दाखवा म्हणणारी बहीण

नदीकाठच्या एका गावात हौसा नावाची फुलमाळीण राहायची. वडिलांच्या मळ्यात विहिरीजवळच्या कोपऱ्यात तिनं मोगरा लावला होता. नवरा गेल्यापासून त्या मोगऱ्यावरच तिचं घर चालायचं. उरलेला मळा तिचा थोरला भाऊ तुळशीराम कसायचा. कागदावर मात्र सगळी जमीन दोघांच्या नावानं. साधी विजेची जोडणी घ्यायची तरी दोघांच्या सह्या! दादा अगदी वैतागून गेला होता.

एक दिवस तो नवं लुगडं घेऊन आला. "हौसे, तुझा हक्क सोडून दे बाई. कोपरा तुझाच राहील. मी काय परका आहे?"

"घे की दादा," हौसा म्हणाली. भाऊ देवमाणूस होता, हे तिला ठाऊक होतं.

त्या गावची रीतच तशी होती. भावानं लुगडं आणायचं आणि बहिणीनं कागद न वाचता सही ठोकायची. 'वाचून दाखवा' म्हणणं म्हणजे भावाच्या थोबाडीत मारल्यासारखं. अशा बहिणीचं माहेर तुटतं म्हणे! कागदाचा आणि माहेराचा काय संबंध, ते त्या गावालाच ठाऊक.

दोघं तालुक्याला गेली. तिथं खतं, म्हणजे जमिनीचे कायदेशीर कागद, लिहून देणारे एक म्हातारे भाऊसाहेब बसायचे, मोठे खमके गृहस्थ. दादा म्हणाला, "हक्कसोडपत्र करा. सगळे करतात तेच."

कागद तयार झाला. हौसानं पेन उचललं, आणि तिचा हात थबकला. आपला मोगरा या कागदात आहे की नाही? विचारावं तर दादा दुखावेल, न विचारावं तर पोटावर पाय येईल. शेवटी ती हळूच म्हणाली, "भाऊसाहेब, जरा वाचून दाखवता का?"

दादाचा चेहरा उतरला. "माझ्यावर एवढाही विश्वास नाही?" असं म्हणून तो तरातरा निघाला.

"थांबा हो!" भाऊसाहेब कडाडले. "तिनं तुमचं नाही, कागदाचं विचारलंय. या कागदानं ती सगळ्या मळ्यावर पाणी सोडते, कोपऱ्यासकट. तुम्ही दिलेला शब्द यात कुठंच नाही."

"पण मी आहे ना!"

"आहात तोवर ठीक. पुढं तुमच्या पोरांना तो शब्द कोण सांगणार?"

दादा मागं फिरला आणि भाऊसाहेबांसमोर येऊन बसला. तो कागद बाजूला सारून म्हणाला, "मग कुठलं खत करायचं?"

"मनात काय आहे, त्यावर ठरतं. विकायचं तर खरेदीखत. हयातीतच मायेनं द्यायचं तर बक्षीसपत्र, आपल्यामागं द्यायचं तर मृत्युपत्र. आणि आपापला वाटा वेगळा करायचा तर वाटणीपत्र. भाकरी करायची असताना बाजारातून कढई आणता का तुम्ही?"

दादा हसला. "वाटणीपत्र लिहा. कोपरा हौसाचा, विहिरीचं पाणी दोघांचं. आणि मलाही वाचून दाखवा. आजवर तीन कागदांवर सह्या केल्यात, एकही वाचला नाही बघा!"

हौसाला हसू आलं आणि रडूही. भीतीनं आखडलेला तिचा जीव मोकळा झाला.

पुढं बरीच वर्षं गेली. दादाही गेला. मग एक बडा खरेदीदार त्याच्या मुलांकडे आला. त्याला विहिरीसकट सगळा मळा हवा होता. भाव असा सांगितला, की पोरांचे डोळेच दिपले. त्यांनी कपाटातलं वाटणीपत्र काढून वाचलं.

"कोपरा आत्याचा आहे," धाकटा म्हणाला.

"म्हातारीला काय कळतंय? तुम्ही द्या हो," खरेदीदार म्हणाला.

थोरल्यानं कागदाची नीट घडी घातली. "आमच्या बापानं दिलेला शब्द आहे हा. आम्हाला सांगायला तो आज नाही, पण लिहून गेलाय. तुम्ही चहा घ्या आणि निघा."

तात्पर्य एवढंच, की माया माणसाबरोबर जाते, योग्य खत मागं उरतं. म्हणून खत कुठलं ते विचारावं आणि वाचूनच सही करावी. आपल्या माणसाला त्याचा राग आला, तरी तो फार वेळ टिकत नाही.