घरातले बाहेर गेलेत

एकदा एक शिष्या आपल्या वृद्ध गुरूंकडे नकाशा घेऊन आली. गुरूंनी उभं आयुष्य किनाऱ्यांचे नकाशे करण्यात घालवलं होतं. उपग्रहाने आकाशातून टिपलेल्या चित्रावरून खाडी, खाजण, तिवरांचं वन ओळखायला त्यांनीच तिला शिकवलं होतं. नकाशा देखणा झाला होता आणि हे तिलाही पक्कं ठाऊक होतं.

गेल्या वादळात तिच्या आईच्या वाडीतली घरं कोसळली होती. नवी वाडी कुठे वसवायची, हे या नकाशावरून ठरणार होतं. आईचं मागणं एकच होतं, "बाय, दारातून होडी दिसली पाहिजे." म्हणून तिने खाडीकाठचं सपाट, चिखलाचं खाजण निवडलं आणि त्यावर सुबक अक्षरांत लिहिलं, 'रिकामी जागा'. चित्रही तिने निरभ्र दिवसाचं, पूर्ण ओहोटीचं घेतलं होतं. चिखल कसा स्वच्छ दिसत होता. भरतीला तिथं पाणी येतं हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण बांध घातला, भराव टाकला की झालं, असं तिने धरलं होतं.

गुरूंनी नकाशा बराच वेळ न्याहाळला. मग म्हणाले, "चल, जाऊन येऊ."

दुपार कलली होती. पाणी दूर गेलं होतं आणि ऊन चिखलावर पेंगत होतं. काठाशी येताच गुरूंनी वहाणा काढून नीट जोडीने ठेवल्या आणि समोरच्या ओसाड खाजणाकडे पाहून हाक दिली, "आहे का कुणी घरात?"

शिष्या चपापली. वयाचा परिणाम म्हणावा, तर त्यांची नजर अजून लख्ख होती. कुणी ऐकलं तर नाही ना, हे तिने हळूच पाहून घेतलं.

"गुरुजी, इथं कुणी नाही."

"मग बसू. येतील."

बसल्या बसल्या तिचा डोळा लागला असावा. पाणी कधी आलं ते तिला कळलंच नाही. चिखलातल्या बारीक रेघा आधी चमकल्या, मग रुंदावल्या. पाण्याबरोबर कोळंबीची काचेसारखी पिल्लं आली, त्यांच्यामागून मासे आले. तिवरांच्या मुळ्यांत कुजबुज सुरू झाली. तिवराची एक लांबट शेंग उभीच तरंगत, आपली जागा शोधत पुढे गेली. खाली आकाश होतं की पाणी, हे तिला सांगता आलं नसतं.

गुरू उठून उभे राहिले. हात जोडून म्हणाले, "या."

मग ते तिच्याकडे वळले. "तुझं काम अचूक आहे. चित्रात दिसलं तेच तू लिहिलंस. पण चित्र टिपलं तेव्हा घरातले बाहेर गेले होते. माणसं कामाला गेली म्हणून शेजारचं घर आपण रिकामं म्हणतो का? त्याचं दार बुजवतो का? संध्याकाळी दार बुजलेलं दिसलं, तर पाणी दुसऱ्याच्या घरात शिरेल आणि मासळी परतच यायची नाही. मग दारातून होडी दिसून आई काय करील?"

शिष्येच्या डोळ्यांत पाणी आलं. स्वतःच्या सुबक अक्षरांची तिला लाज वाटली.

"आईला काय सांगू?"

"जे पाहिलंस ते."

नवी वाडी टेकडीच्या उतारावर वसली. आईने तोंड फुगवलं. "एवढी रिकामी जागा सोडून आम्हांला वर चढवलंस. आता जाळी तूच वाहा."

"रिकामी नाही ती, आई. घरातले बाहेर गेलेत."

आई कितीतरी दिवस धड बोलली नाही. जाळी मात्र शिष्येने खरोखर वाहिली.

एका संध्याकाळी दोघी पायरीवर बसल्या होत्या. खाली खाजणात पाणी हळूहळू पसरू लागलं. आई जाळं विणता विणता थांबली. कुणी वडीलधारं दारात यावं तसा तिने पदर सावरला आणि हलकेच म्हणाली,

"आले गं घरातले."