गोदूला बाद व्हायचं होतं

ओढ्याकाठच्या एका गावात गुळाचे एक व्यापारी राहत. नाव धोंडूशेट. मनाचे मोठे, पण भारी चौकस. कोंबडा पहाटेच का आरवतो, मुंगीला गुळाचा पत्ता कोण सांगतं, असलं विचारून गावाला भंडावून सोडायचे.

एकदा शेटनी गावातल्या पोरांसाठी मैदान बांधलं. झोपाळे टांगले आणि मधोमध पायऱ्यांचा उंच दगडी ओटा घातला. पोरं तिथं ‘डोंगर-पाणी’ खेळू लागली. ओटा म्हणजे डोंगर, खालची जमीन म्हणजे पाणी. ज्याच्यावर राज्य असेल त्यानं ‘पाणी!’ म्हणून ओरडायचं, की बाकीच्यांनी धूम ठोकून डोंगर गाठायचा. खाली सापडेल तो बाद, आणि पुढचं राज्य त्याच्यावर.

सुताराची गोदू पायांनी अधू होती. बापानं करून दिलेल्या चाकांच्या पाटावर बसून, हातांनी जमीन रेटत ती गावभर फिरायची. पायऱ्या मात्र तिला चढता येत नव्हत्या. म्हणून पोरांनी तिला लिंबूटिंबू केलं. ती खेळात असायची, पण तिला कोणी शिवायचं नाही. शेटना तिची फार कणव यायची. त्यांनी तिच्यासाठी कोपऱ्यात सावलीची खास जागा केली. रोज हातावर गुळाचा खडाही ठेवायचे.

तरी पोरीचा चेहरा उतरलेलाच! एवढं सगळं केलं, मग हिचं बिनसलं कुठं? शेटना चैन पडेना. शेवटी त्यांनी तिच्यासमोर बसकण मारली.

“काय गं, तुला हवंय तरी काय?”

“मला बाद व्हायचंय.”

“अगं वेडाबाई, बाद व्हायला कोणाला आवडतं?”

“बाद झाल्याशिवाय राज्य कसं येणार, शेटकाका? मी असले काय, नसले काय, डाव तसाच चालतो.”

शेटनी कपाळावर हात मारला. अख्ख्या गावाला प्रश्न विचारत फिरलो, आणि मैदान बांधताना हिला एका शब्दानं विचारलं नाही! त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

“पण तू डोंगरावर चढणार कशी?”

“तुमच्या वखारीत ढेपांचा हातगाडा वर कसा चढतो?”

“उतार केलाय ना तिथं.” एवढं बोलून शेट ताडकन उठले आणि गवंड्याकडं निघाले.

ओट्याला ऐसपैस उतार झाला. ‘पाणी!’ अशी आरोळी उठली आणि गोदूचा पाट खडखडत उताराकडं सुटला. ती तिथं पोचणार तोच राज्यवाला रावजी आडवा आला. पण त्याचा हात मध्येच थबकला.

“शिव की मेल्या!” गोदू कडाडली.

रावजीनं शिवलं. “गोदू बाद!”

गोदूनं आनंदानं अशी किंकाळी फोडली की झोपाळ्यावरची पोरंसुद्धा धावत आली. आता राज्य तिच्यावर. “पाणी!” सगळी पोरं डोंगरावर पळाली. खाली राहिले एकटे शेट, तोंडाचा आ वासून बघत. गोदूनं पाट रेटला आणि त्यांचं धोतर धरलं.

“शेटकाका बाद!”

शेटनी फेटा काढून ठेवला, धोतर खोचलं आणि राज्य घ्यायला उभे राहिले.

तात्पर्य: कणवेपोटी कोणाला कोपऱ्यात बसवू नये. काय हवं ते त्यालाच विचारावं, आणि डावात घ्यायचं तर बाद होण्याच्या हक्कासकट घ्यावं.