नव्या शंखावरचं समुद्रफूल

किनाऱ्यावर माणसांची घरं यायच्या आधीची गोष्ट. एक खेकडा शंखात राहायचा. अंग वाढलं, शंख आवळायला लागला, म्हणून तो शेजारच्या कोऱ्या पांढऱ्या शंखात राहायला गेला. जुन्या शंखाच्या पाठीवर एक समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा डंखधारी जीव, चिकटून बसलेलं होतं. "नव्या घरात जुनं काही नको," म्हणत खेकड्याने त्याला तिथेच सोडलं.

नवं घर चांगलं ऐसपैस होतं. पण येणारा-जाणारा खेकडा सरळ आत नांगी घालायचा. "रिकामं वाटलं हो," म्हणायचा आणि निघून जायचा. एकाने तर त्याला पाय धरून ओढलंच. खेकडा वैतागला. आपण आत आहोत हे बाहेरून दिसावं, म्हणून तो शंखाचं तोंड फोडून मोठं करायला लागला.

"अरे, फोडतोस कशाला?" जुन्या शंखावरून समुद्रफूल म्हणालं. "उद्या मासेही आत तोंड घालतील. त्यापेक्षा मला तिकडे घेऊन चल."

"तू येऊन काय करणार?"

"इतके दिवस केलं तेच. बसून राहीन."

जुन्या घरात कधी कुणी नांगी घातली नव्हती, हे आठवून खेकडा ओशाळला. त्याने समुद्रफुलाला हळूच थोपटलं, तसं ते सुटलं. मग त्याने ते नव्या शंखाच्या दाराशी बसवलं. बाकी शंख होता तसाच राहिला.

पुढच्या ओहोटीला तो पाय ओढणारा खेकडा पुन्हा आला. त्याने नांगी उचलली, समोर फूल पाहिलं आणि जरा लांबच थांबला.

"घरात आहात का?" त्याने बाहेरूनच विचारलं.